अमेरिका, मलेशिया आणि कापीव लाकडाच्या निर्यातीतली २०१७ ची उडी

प्रश्न विचारणारी मुलगी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची. वडिलांचं अक्कलकोट रोडला फर्निचरचं वर्कशॉप आहे आणि ती सोलापुरातच एम.कॉम. करते. प्रकल्पासाठी तिने अमेरिका आणि मलेशिया या दोन देशांच्या कापीव हार्डवुडच्या निर्यातीचं डॉलरमधलं मूल्य १९९५ ते २०२२ असं एका आलेखावर मांडलं आणि मला पाठवलं. सुरुवातीला मलेशियाची रेघ वर आहे, पुढे अमेरिकेची वर जाते आणि २०१७ ला तर ती एकदम उडी मारते. तिने विचारलं आहे, "काका, ही उडी चीनच्या मागणीमुळे का? आणि मलेशियाचा लाकूडधंदा बसला, अमेरिकेने बाजार घेतला, असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का?"

तीसपेक्षा जास्त वर्षं मी लाकडाची वखार चालवतो. गांधीधामहून माल आणतो आणि खरेदी ठरवण्याआधी हेच आकडे बघत असतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी त्या उडीबद्दल. तू पाठवलेली एक्सेलची फाइल मी उघडून बघितली. एचएस कोड म्हणजे देशोदेशीच्या व्यापारात प्रत्येक मालाला दिलेला ठरावीक क्रमांक. कापीव लाकडाचा एचएस कोड ४४०७. त्यात सहा मिलिमीटरपेक्षा जाड, लांबीत कापलेलं सगळं लाकूड येतं, पाइनही आणि सागही. हार्डवुड वेगळं काढायला तू ४४०७ च्या एकूण रकमेतून ४४०७.१० हा सूचिपर्णी, म्हणजे पाइनसारख्या सुईच्या पानांच्या झाडांच्या, लाकडाचा कोड वजा केलास. पद्धत बरोबर आहे, पण ती २०१६ पर्यंतच चालते. २०१७ ला एचएसची नवी आवृत्ती आली. त्यात ४४०७.१० बंद झाला आणि त्याचे ४४०७.११, ४४०७.१२ आणि ४४०७.१९ असे तीन तुकडे झाले. २०२२ च्या आवृत्तीत ४४०७.१३ आणि ४४०७.१४ हे आणखी दोन आले. तुझ्या फाइलमध्ये ४४०७.१० चा रकाना २०१७ पासून रिकामा आहे. एक्सेलने रिकाम्याला शून्य धरलं आणि शून्य वजा केलं. म्हणजे २०१७ पासून अमेरिकेचं पाइन, फर, स्प्रूस, सगळं तुझ्या हार्डवुडच्या रेघेत येऊन बसलं.

मलेशियाची रेघ त्याच वर्षी जागची का हलली नाही, ते बघ. मलेशियाकडे विकायला सूचिपर्णी लाकूड जवळजवळ नाहीच. तिथे वजा करायचं राहिलं काय आणि केलं काय, फरक पडत नाही. एकाच वर्षी एका देशाची रेघ उडते आणि दुसऱ्याची तशीच राहते, तेव्हा मी बाजाराकडे बघण्याआधी कोडच्या यादीकडे बघतो. एचएस १९८८ ला सुरू झाली आणि १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२ ला तिच्यात मोठे बदल झाले. ही वर्षं आलेखावर बारीक उभ्या रेघांनी आधीच आखून ठेव. तुझ्या परीक्षकांनाही ते आवडेल. आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवरून घेतेस, तर तिथे जुन्या आवृत्तीत बदलून दिलेली मालिकाही मिळते. ती घेतलीस की १९९५ पासून शेवटपर्यंत एकच कोड चालतो. नाहीतर २०१७ पासून तिन्ही आणि २०२२ ला पाचही कोड वजा कर.

चीनची मागणी खरीच होती, त्याकडे येतोच. पण ती उडी बघून तिचं कारण चीन असं लिहिलंस, तर उत्तर खरं आणि पुरावा खोटा, अशी अवस्था होईल. तसं होऊ द्यायचं नाही.

दुसरा मुद्दा हार्डवुड या शब्दाचा. तुझ्या वडिलांकडे विचारलंस तर ते टणक लाकूड म्हणतील, आणि कारागिराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. व्यापाराच्या आकड्यांत मात्र टणकपणाचा संबंध नाही. रुंद पानांच्या झाडाचं लाकूड म्हणजे हार्डवुड. नखाने ओरखडा निघतो ते बाल्साही हार्डवुड, आणि आपल्याकडे चौकटीला वापरतात ते मलेशियन सालही हार्डवुड. म्हणून एका देशाचं एक टन आणि दुसऱ्याचं एक टन म्हणजे सारखा माल, असं समजू नकोस.

हे दोन देश विकतात काय, तेही वेगळं आहे. अमेरिका विकते ओक, अक्रोड, अ‍ॅश, चेरी, मेपल आणि ट्युलिपवुड. मलेशिया विकतो मेरांटी, केरुइंग, कापूर, बलाऊ. आपण ज्याला मलेशियन साल म्हणतो त्यात बराचसा बलाऊसारखा माल असतो आणि त्याचा गट (जीनस) आपल्या सालाचाच, शोरिया. अमेरिकेचं गिऱ्हाईक चीन, व्हिएतनाम, कॅनडा, मेक्सिको. मलेशियाचा माल थायलंडला जातो, आखाती देशांत जातो, आणि नेदरलँड्सला खिडक्यांच्या चौकटींसाठी मेरांटी जातं. दोघे एकाच गिऱ्हाइकासाठी भांडतात असं फार कमी ठिकाणी आहे. "अमेरिकेने बाजार घेतला" हे वाक्य मला पटत नाही ते यासाठी.

आता मूल्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त वेळ घाल, कारण तुझा आख्खा आलेख मूल्यावर उभा आहे.

निर्यातमूल्य म्हणजे माल गुणिले भाव. रेघ वर गेली की दोन्हींपैकी काय वर गेलं हे त्या रेघेवरून कळत नाही. समज, एका देशाने एका वर्षी १०० घनमीटर माल ३०० डॉलरने विकला, मूल्य ३०,००० डॉलर. काही वर्षांनी ८० घनमीटर ४५० डॉलरने विकला, मूल्य ३६,००० डॉलर. आलेख सांगेल निर्यात २० टक्के वाढली. जहाजावर चढलेलं लाकूड मात्र २० टक्के घटलं. फोड अशी कर: माल २० घनमीटरने कमी झाला, जुन्या भावाने त्याचे ६,००० डॉलर गेले. उरलेल्या ८० घनमीटरला प्रत्येकी १५० डॉलर जास्त मिळाले, ते १२,००० आले. निव्वळ ६,००० वाढले. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण तुझ्या प्रत्येक पाच वर्षांच्या टप्प्याला अशी फोड करून बघ. मालाचे आकडे एफएओस्टॅटवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या संकेतस्थळावर, घनमीटरमध्ये मिळतील. रुंदपर्णी कापीव लाकूड तिथे वेगळ्या ओळीत आहे आणि मालिका १९६१ पासून आहे.

भाव काढताना मापाची काळजी घे. आमच्या धंद्यात यात लोकांचे पैसे बुडाले आहेत आणि सुरुवातीच्या काळात माझेही गेले आहेत. तुझ्या वडिलांच्या वर्कशॉपमधली एक चौकट घे. पाच इंच बाय अडीच इंचाची साइज, दोन उभ्या सात-सात फुटांच्या, वरची आडवी साडेतीन फूट आणि खाली उंबरठा साडेतीन फूट. एकूण २१ फूट. पाच गुणिले अडीच गुणिले एकवीस, भागिले १४४. आले १.८२ घनफूट. हीच चौकट अमेरिकन व्यापाऱ्याच्या वहीत साधारण २२ बोर्डफूट भरते, कारण एक घनफूट म्हणजे १२ बोर्डफूट. मलेशियाच्या कागदावर ती ०.०५२ घनमीटर होते, कारण एका घनमीटरला ३५.३१५ घनफूट. अमेरिकेत भाव हजार बोर्डफुटांवर बोलतात. हजार बोर्डफूट म्हणजे २.३६ घनमीटर. तिकडचा भाव घनमीटरचा समजून बसलीस तर अमेरिकेचं लाकूड जवळजवळ अडीच पट महाग दिसेल.

माझे पैसे गेले ते गोल लाकडात. ओंडक्याचं माप आपल्याकडे टेप गुंडाळून घेतात. घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल तर चौथा भाग १२ इंच, म्हणजे एक फूट, आणि माप आलं १० घनफूट. पण त्या ओंडक्यात खरं लाकूड १२.७३ घनफूट असतं. या मापात खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच धरलं जातं, कापताना जे वाया जातं ते आधीच सोडून दिल्यासारखं. मला एकदा एका लॉटचा भाव खऱ्या घनमीटरवर सांगितला होता आणि मी तो आपल्या मापाचा समजून पैसे दिले. वखारीत माल उतरला, पोरांनी टेप लावली आणि हिशोबात पाचव्या भागापेक्षा जास्त तूट निघाली. विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. माप कुठलं, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून आकडा कुठलाही येवो, त्याचं माप आधी विचारतो.

कापीव लाकडातही एक बारीक गोष्ट आहे. अमेरिकेतलं बरंचसं हार्डवुड भट्टीत वाळवून विकतात. ओलं मोजलं आणि वाळवून मोजलं तर सात-आठ टक्क्यांचा फरक पडतो. आपल्या सोलापूरच्या उन्हात मार्च-एप्रिलला चौकट लावून मे महिन्यात जोड उघडलेले तू घरी पाहिलेच असतील, ते हेच. वाळवलेल्या मालाला भाव जास्त मिळतो आणि तो योग्यच आहे. पण दोन देशांच्या सरासरी भावाची तुलना करताना एकाचा माल भट्टीतून आलेला आणि दुसऱ्याचा ओलाही असतो, हे लिहायला विसरू नकोस.

चलनाचं उदाहरण तुला इथल्या टॉवेलवरून देतो. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात. रुपया घसरला की कारखानदाराच्या वहीत निर्यात वाढलेली दिसते, एक टॉवेल जास्त न विकता. मलेशियाचंही तसंच, फक्त तुझा आलेख डॉलरमध्ये आहे म्हणून परिणाम उलटा दिसतो. आशियाई आर्थिक संकटाच्या आधी, १९९७ च्या सुरुवातीला, एका डॉलरला साधारण अडीच रिंगिट पडत. सप्टेंबर १९९८ ला सरकारने ३.८० वर दर बांधला आणि तो जुलै २००५ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे १९९८ ला डॉलरमधला मलेशियाचा आकडा खाली येतो त्यात मालाची घट, भावाची घट आणि चलनाची घसरण, तिन्ही गुंतलेली आहेत. रिंगिटमधली मालिका शेजारी ठेव, मग गुंता सुटेल. अमेरिकेला हा प्रश्न नाही, तिचा आकडा तिच्याच चलनात आहे. मात्र डॉलर मजबूत झाला की चीन आणि व्हिएतनामच्या खरेदीदाराला ओक महाग पडतो, आणि तो परिणाम मालात दिसतो.

महागाई काढून टाकायलाच हवी. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९९५ ला सरासरी १५२.४ होता, २०२२ ला २९२.७. म्हणजे १९९५ चे १०० डॉलर २०२२ चे १९२ झाले. ज्या देशाचं डॉलर-मूल्य या काळात दुप्पट झालेलं दिसतं, त्याची खरी वाढ जवळजवळ काहीच नाही. ज्याचं मूल्य तेवढंच राहिलं, तो खऱ्या अर्थाने निम्म्यावर आला.

आता मलेशिया मागे का पडला, त्याबद्दल. माझ्या मते हा तुझ्या प्रकल्पाचा सगळ्यात चांगला भाग होऊ शकतो, कारण इथे सरकारने ठरवून केलेलं धोरण आहे.

द्वीपकल्पीय मलेशियाने १९८५ ला ओंडक्यांची निर्यात बंद केली. मलेशियाच्याच साबा राज्याने १९९३ ला केली. ओंडका बाहेर जायचा नाही म्हटल्यावर तो देशातच कापला जातो, आणि कापीव लाकडाची निर्यात वाढते. नव्वदच्या दशकात तुला मलेशियाची रेघ वर दिसते तिच्यामागे हे मोठं कारण आहे. पण ते तिथेच थांबले नाहीत. कापीव लाकूड विकण्यापेक्षा त्याचं फर्निचर करून विकलं तर पैसे जास्त आणि काम जास्त हातांना, हे त्यांनी ओळखलं. रबराच्या बागा जुन्या झाल्या की आधी ते लाकूड जाळत असत. तेच लाकूड प्रक्रिया करून फर्निचरला लावलं. जोहोर राज्यातलं मुआर हे गाव या धंद्याचं केंद्र झालं. आणि कारखान्यांना कच्चा माल कमी पडू नये म्हणून कापीव रबरवुडची निर्यात आधी आवळली आणि जुलै २०१७ पासून पूर्ण बंद केली.

म्हणजे ४४०७ या कोडात मलेशियाची रेघ खाली जाते तेव्हा त्यातलं काही लाकूड ९४०३ मध्ये, फर्निचर होऊन, वर गेलेलं असतं. जंगलातला माल कमी झाला हेही खरंच, उत्तम झाडं पूर्वीइतकी राहिली नाहीत. पण "धंदा बसला" हे फक्त ४४०७ बघून लिहिता येणार नाही. ९४०३.३०, ९४०३.४०, ९४०३.५० आणि ९४०३.६० हे लाकडी फर्निचरचे कोड, लाकडी सांगाड्याच्या खुर्च्या-सोफ्यांचे ९४०१.६१ आणि ९४०१.६९, आणि खाचा पाडलेल्या पट्ट्या-मोल्डिंगचा ४४०९, हे मलेशियासाठी वेगळ्या आलेखावर मांड. मलेशियन फर्निचरचा सगळ्यात मोठा खरेदीदार अमेरिका आहे. तुझ्या आलेखात जे दोन प्रतिस्पर्धी दिसतात, ते खऱ्या व्यापारात बऱ्याच अंशी विकणारा आणि विकत घेणारा आहेत.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. तिथलं बहुतेक हार्डवुड देशातच खपतं. हलक्या प्रतीचा माल पॅलेटला आणि रेल्वेच्या स्लीपरला जातो, आणि निर्यातीत चांगल्या प्रतीचा माल जास्त असतो. २००० नंतर उत्तर कॅरोलायनासारख्या राज्यांतले फर्निचरचे कारखाने बंद पडत गेले, काम चीनला गेलं, आणि त्यांच्या मागोमाग लाकूडही तिकडे निघालं. २००८-०९ ला घरबांधणी कोसळली तेव्हा सगळ्याच मालाला फटका बसला. त्यानंतर गिरण्यांनी निर्यातीकडे जास्त लक्ष दिलं. चीनने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड टप्प्याटप्प्याने कमी करत २०१७ पर्यंत देशभर बंद केली, त्यामुळे त्यांना बाहेरचं लाकूड आणखी लागलं. अमेरिकेच्या कापीव हार्डवुडच्या निर्यातीतला निम्म्याच्या आसपास वाटा त्या सुमाराला एकट्या चीनचा होता. मग सप्टेंबर २०१८ ला चीनने जादा आयातशुल्क लावलं, २०१९ ला ते वाढवलं, आणि अमेरिकेची रेघ घसरली. दुरुस्त केलेल्या आलेखात ही चढ-उतार तुला नीट दिसेल आणि तिथे चीनचं नाव तू निर्धास्त लिहू शकतेस. पुरावा हवा असेल तर अमेरिकेची निर्यात देशवार काढ. चीनला गेलेला माल एका रंगात आणि बाकी सगळा दुसऱ्या रंगात.

आणखी एक सवय लावून घे. तुझ्या फाइलमध्ये दोन्ही देशांना १९९५ = १०० धरून निर्देशांकही काढला आहेस, ते ठीक आहे, पण तोच निर्देशांक २००९ ला १०० धरून पुन्हा काढ. अमेरिका एकदम तेजस्वी दिसेल, कारण तिचं ते वाईट वर्ष होतं. मलेशियाला १९९८ ला १०० धरलं तर तो तेजस्वी दिसेल. म्हणून एका वर्षाऐवजी १९९५ ते १९९७ ची सरासरी पायाला घे. पहिलं आणि शेवटचं वर्ष घेऊन वार्षिक वाढीचा दर काढण्यातही हीच अडचण आहे. तुझं शेवटचं वर्ष २०२२ आहे आणि करोनानंतर लाकडाचे भाव चढलेले होते.

निर्यातदाराचा आकडा साधारण एफओबी असतो, म्हणजे बंदरापर्यंतचा. आयातदाराचा सीआयएफ, त्यात भाडं आणि विमा आला. दोन्ही एका आलेखावर मिसळू नकोस. २०२१ ला कंटेनरचं भाडं इतकं चढलं होतं की त्या वर्षी या दोन आकड्यांतलं अंतर नेहमीपेक्षा खूप मोठं दिसेल. भारत सरकारचे आकडे जोडणार असशील तर ते एप्रिल ते मार्च असतात आणि हे दोन्ही देश जानेवारी ते डिसेंबर, हेही लक्षात ठेव. आणि भारत मलेशियाकडून, विशेषतः तिथल्या सारवाक राज्याकडून, वर्षानुवर्षं घेत आला ते मुख्यतः ओंडके, कोड ४४०३. तुझ्या ४४०७ च्या आलेखात ते दिसणारच नाहीत.

निष्कर्ष म्हणून मी असं काही लिहिलं असतं: या काळात कापीव हार्डवुडच्या निर्यातमूल्यात अमेरिका मलेशियाच्या पुढे गेली. मलेशियाच्या घटीत कमी झालेला माल, बदललेलं चलन आणि फर्निचरकडे वळवलेलं लाकूड असे तीन भाग आहेत. अमेरिकेच्या चढ-उतारात चीनचा वाटा मोठा आहे. प्रत्येक भागाचा आकडा तू काढायचा आहेस, तो मी देणार नाही.

आधी एक्सेलमधली ती २०१७ पासूनची सहा वर्षं दुरुस्त कर आणि आलेख परत पाठव. रविवारी सकाळी वखार उघडी असते. वडिलांबरोबर आलीस तर टेप लावून ओंडका कसा मोजतात तेही दाखवतो, सध्या चार-पाच चांगले पडले आहेत.